टाके काढायच्या दिवशी

यंदाचा दिवाळीचा फराळ उमापूरच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत पिशवीत बांधून ट्रॉलीतच खाल्ला जाईल. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाला, शेवगावच्या हद्दीजवळचं हे गाव. तालुक्यातल्या गोदाकाठाला जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी मिळतं, तिथं ऊस उभा आहे, गढीला साखर कारखानाही आहे. तरी याच तालुक्यातून दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा मुकादमाचा हिशेब. त्या कोयत्यामागं चालणाऱ्या लेकरांचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो.

उसाच्या फडावर लेकरू जखमी होण्याचे मार्ग अनेक आहेत. पहाटेच्या अंधारात तोड चालू असते आणि पाचटावर झोपलेल्या लहानग्याजवळून कोयते फिरत असतात. सात-आठ वर्षांची पोर वाढे गोळा करता करता स्वतःच कोयता हातात घेते. मोळ्या भरलेल्या ट्रॉलीवर वरती बसून जाताना डोळा लागतो आणि तोल जातो. मुक्कामाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, तीन दगडांच्या चुलीवर उकळतं पाणी असतं, खाली रांगतं मूल असतं. बैलाची लाथ आहे, साप आहे, कठडा नसलेली विहीर आहे. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, शेवटी तो करमाळा तालुक्यात मारला गेला. तेव्हा त्या भागातली मुलं संध्याकाळनंतर उंबऱ्याबाहेर यायला धजत नव्हती.

यातल्या प्रत्येक जखमेवर काही ना काही उपचार होतो. जवळच्या दवाखान्यात टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं, हाड मोडलं तर प्लास्टर चढतं. सात-दहा दिवसांनी टाके काढायला बोलावतात, पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं. डॉक्टर जखम दाबून पाहतात, पू नाही याची खात्री करतात, आई पदरानं लेकराचं तोंड पुसते आणि सगळे परत फडावर जातात. त्या दिवशी लेकराला एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: ते झाल्यापासून तुला रात्री झोप कशी लागते?

घरच्यांना काहीतरी दिसत असतं. लेकरू झोपेत दचकतं, बरळतं. पाचव्या वर्षी सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय आठव्या वर्षी परत येते. ट्रॅक्टरचा आवाज आला की ते आईच्या मागं दडतं. शाळेत पाटीकडं बघत बसतं, पण कानावर काही पडत नाही. आजी म्हणते, लेकरू भ्यालंय. मग मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते, अंगारा लावला जातो. मी याला नावं ठेवणार नाही. घरातलं वडीलधारं माणूस लेकराला मांडीवर घेऊन बसतं, सगळ्यांचं लक्ष काही वेळ त्याच्याकडं वळतं, याचा आधार खराच असतो. प्रश्न उरतो तो दृष्ट काढून महिना उलटल्यावरही जे लेकरू दचकतच राहतं त्याचा.

लहान मुलं लवकर विसरतात, ही समजूत डॉक्टरांच्यातही फार काळ टिकून होती. तिला मोठा धक्का बसला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या चौचिला या शेतकरी गावामुळं. १५ जुलै १९७६ रोजी तिथली शाळेची बस पळवून नेली गेली. बसमधली २६ मुलं आणि चालक यांना एका खाणीत पुरलेल्या मालमोटारीत कोंडलं होतं. सगळे जिवंत बाहेर आले. अंगावर मोठी इजा कोणालाच झाली नव्हती, त्यामुळं मुलं सुखरूप आहेत असं जाहीर झालं. काही महिन्यांनी लिनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ तिथं गेल्या आणि पुढं चार वर्षांनी परत गेल्या. एकही मूल त्या प्रसंगाच्या खुणांवाचून सुटलेलं त्यांना आढळलं नाही. मुलं तो प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा खेळत होती, आणि त्या खेळात मजा नव्हती. हा खेळ ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण सहा वर्षांखालचं मूल अशा प्रश्नांना नीट उत्तर देऊ शकत नाही. काडीच्या ट्रॉलीवरून दगडाचं बाळ दर वेळी खालीच पाडणारी पोर आपल्याला बरंच काही सांगत असते.

मोठ्या दुखापतीनंतर पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. प्रसंग डोळ्यांसमोर आपोआप येतो. त्याची आठवण करून देणारी जागा, माणूस, आवाज टाळावासा वाटतो. मन उदास होतं, स्वतःचा किंवा जगाचा राग येतो. आणि शरीर सतत सावध राहतं, जरा खुट्ट झालं की काळीज धडधडतं. बहुतेक मुलांमध्ये हे हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही आणि त्यापायी झोप, शाळा, खेळ यांत अडथळा येत राहिला, तर त्याला आघातोत्तर तणावविकार म्हणतात. इव्हा अलिसिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली जगभरच्या ४३ गटांतल्या ३,५६३ मुलांची माहिती एकत्र केली. भीषण प्रसंगातून गेलेल्या मुलांपैकी १५.९ टक्क्यांना हा विकार जडलेला होता, म्हणजे दर सहा-सात मुलांमागं एकाला. अपघातासारख्या प्रसंगातून गेलेल्या मुलग्यांत हे प्रमाण ८.४ टक्के होतं, तर माणसाच्याच हातून हिंसा भोगलेल्या मुलींमध्ये ३२.९ टक्के.

मग दहा जखमी लेकरांतलं कोणतं एक अडकून पडणार, हे आधी कसं ओळखायचं? आपला अंदाज जखमेच्या आकारावर जातो. जितकी जखम मोठी तितका धक्का मोठा, असं वाटतं. अभ्यास मात्र वेगळंच सांगतात. डेव्हिड ट्रिकी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ६४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आघाताच्या तीव्रतेचा संबंध तुलनेनं कमी निघाला. त्या क्षणी लेकराला आपण मरणार असं वाटलं का, नंतर घरात आधार मिळाला का, घर धड चाललंय का, आणि लेकरू ती गोष्ट मनातून लोटायचा किती प्रयत्न करतंय, यांवर बरंच जास्त अवलंबून होतं. चार टाके पडलेलं लेकरू महिनोन् महिने झोपत नाही आणि मांडीचं हाड मोडलेलं दुसरं दोन महिन्यांत झाडावर चढतं, याचा उलगडा इथं होतो.

फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात फ्लॉरा विन्स्टन आणि नॅन्सी कॅसम-ॲडम्स यांनी रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या २६९ मुलांचा मागोवा घेऊन २००३ साली बारा प्रश्नांची एक चाळणी प्रसिद्ध केली. ती पहिल्या दिवशी, तातडीच्या विभागातच लावायची. चार प्रश्न आई किंवा बापाला, चार लेकराला आणि चार गोष्टी केसपेपरवरून. लेकराला विचारायचं: तुझ्याबरोबर आणखी कोणाला लागलं का? आई-बाप कुठं आहेत हे तुला कळत नव्हतं अशी वेळ आली का? तेव्हा खूप भीती वाटली का? आपण मरतो की काय असं वाटलं का? केसपेपरवरून बघायचं: हातापायाचं हाड मोडलं असल्याची शंका आहे का, वय बारा किंवा जास्त आहे का, मुलगी आहे का, आणि नाडी बाराच्या आतल्या मुलाची मिनिटाला १०४ च्या वर किंवा मोठ्याची ९७ च्या वर आहे का. नाडी तर आपल्याकडं प्रत्येक केसपेपरवर लिहिलेली असते. पुढं ऑस्ट्रेलियात हीच चाळणी लावून पाहिली, तेव्हा ती तितकीशी चालली नाही. म्हणून परदेशातली चाळणी उचलून गेवराईत लावा, असं मी म्हणणार नाही. ती वाचताना समोर आलेल्या दोन प्रश्नांनी मात्र मला उमापूरकडंच पाहायला लावलं.

पहिला, आई-बाप कुठं आहेत ते न कळण्याचा. ऊसतोडीला जाणाऱ्या सगळ्या घरांतली सगळी मुलं बरोबर जात नाहीत. काही आजी-आजोबांजवळ गावात राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहंही चालवली जातात, आणि शाळा सुटू नये म्हणून ती हवीतच. पण हंगामाच्या त्या सहा महिन्यांत गावातल्या लेकराला काही लागलं, तर आई-बाप दोन-तीनशे किलोमीटरवर कोणत्या फडात आहेत हे आजीलाही नक्की माहीत नसतं. ताटातूट ही अपघाताच्या वेळी घडलेली गोष्ट राहत नाही, ती आधीपासूनच चालू असते. अशा लेकराला दुखापत झाली की पहिला फोन आईला लावून तिचा आवाज त्याला ऐकवणं, हे माझ्या मते मलमपट्टीइतकंच तातडीचं काम आहे.

दुसरा प्रश्न त्या यादीत थेट नाही, पण रिचर्ड मायझर-स्टेडमन यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून तो वारंवार पुढं येतो. झालेल्या प्रसंगाचा लेकरू स्वतःशी काय अर्थ लावतं? आता मी कधीच पहिल्यासारखा होणार नाही, जगात कुठंच धड नाही, हे माझ्यामुळंच झालं, अशा समजुती ज्यांच्या मनात घर करतात ती मुलं अडकून पडतात. आता फडावरचा व्यवहार आठवा. हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फेडण्यासाठीच घर बाहेर पडलेलं असतं. दवाखान्याचा खर्च बहुतेकदा मुकादम भागवतो आणि तो उचलीत चढतो. आईचे खाडे पडतात, कोयता अर्धा होतो. हे बोलणं कोपीतच होतं आणि कोपीला आतली खोली नसते. पायाला पट्टी बांधलेलं लेकरू ते सगळं ऐकत पडलेलं असतं. आपल्या एका चुकीनं घराचं कर्ज वाढलं, हे त्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही. शहरातल्या रुग्णालयात तयार झालेल्या कोणत्याही प्रश्नावलीत उचलीचा प्रश्न नाही. बीडमध्ये तो असायलाच हवा.

आता प्रत्यक्ष विचारायचं कसं ते पाहू. महिन्यानंतरच्या तपासणीसाठी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली अनेक देशांत, युद्धात आणि भूकंपात होरपळलेल्या मुलांसाठी वापरली गेली आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला क्राइज-८ म्हणतात. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी ती आहे. निम्मे प्रश्न प्रसंग आपोआप मनात येण्याबद्दलचे, निम्मे तो टाळण्याबद्दलचे. गेल्या सात दिवसांत असं किती वेळा झालं, एवढंच सांगायचं. कधीच नाही याला शून्य, क्वचितला १, कधीकधीला ३ आणि बऱ्याचदाला ५ गुण. बेरीज १७ किंवा जास्त आली तर त्या लेकराला जाणकाराकडं नेऊन नीट तपासायचं. १७ आले म्हणजे आजार ठरला असं नाही; पुढची पायरी चढायची खूण एवढाच त्याचा अर्थ.

समजा, नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, तिसरीतला. जानेवारीत पायावर कोयता बसला, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये घर गावी परत आलं. वण दिसतो, चालणं सरळ आहे. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताई त्याला ओट्यावर घेऊन बसल्या आहेत. आई आत भाकरी करतेय, दार उघडं आहे, पण ती समोर बसलेली नाही. कारण समोर असली की तोच तिच्या तोंडाकडं बघून उत्तर देईल, किंवा तीच उत्तर देईल. ताईंनी चार पेले मांडले आहेत: एक रिकामा, एकाच्या तळाशी चार फुटाणे, एक अर्धा, एक काठोकाठ. त्या विचारतात, "ते ध्यानात आणायचं नसलं तरी आपोआप येतं का रे?" तो अर्ध्या पेल्याकडं बोट दाखवतो. "त्याचं चित्र एकदम डोळ्यांपुढं उभं राहतं का?" भरलेला पेला. "ज्यानं आठवण येईल असल्या गोष्टींपासून लांब राहतोस का?" बराच वेळ काही नाही, मग पुन्हा भरलेला. पाचव्या प्रश्नाला तो फुटाणे खायला लागतो. ताई खाऊ देतात आणि थांबतात. उरलेलं उद्या. लेकराला थांबायचा हक्क आहे, हे प्रश्नावलीइतकंच पक्कं लक्षात ठेवायला हवं.

त्याच्या आईला वेगळं विचारलं तर ती बहुधा म्हणेल, बरं आहे आता, खातो-पितो. ती खोटं बोलत नसते. मुलाच्या मनात काय चाललंय याचा अंदाज आई-बापांना कमीच येतो, हे निरनिराळ्या देशांत दिसून आलं आहे. मुलं आई-बापांना सांभाळत असतात, म्हणून सांगत नाहीत. शिवाय रक्त वाहत असताना लेकराला उचलून धावलेली आई स्वतःच दचकत असते. तिची झोप विचारल्याशिवाय लेकराची तपासणी पुरी होत नाही.

मराठवाड्यानं अशा जखमा सामूहिकरीत्या पाहिल्या आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं दगडामातीच्या माळवदांखाली गेली. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञांची पथकं तिथं गेली. वाचलेल्यांच्या एका छोट्या गटाची तपासणी करून प्रताप शरण, शेखर सक्सेना प्रभृतींनी लिहिलेला अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकात छापला गेला. त्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना निदान होण्याजोगा मनोविकार होता. त्यात आघातोत्तर तणाव आणि नैराश्य सर्वांत ठळक. त्याच सुमारास शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. ती शाळा, वेळेवर जेवण, रोजचा ठरलेला दिवस, सोबतची मुलं, हा त्या मुलांच्या मनावरचाही उपचार होता असं मला वाटतं. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली पोरं आज चाळिशीत आहेत. किल्लारीसाठी देश धावून आला, ते योग्यच झालं. फडावर एकेकट्यानं जखमी होणाऱ्या लेकरासाठी कोणतंच पथक निघत नाही, आणि वर्षानुवर्षांची बेरीज केली तर ती लेकरंही थोडी नाहीत.

इथं काळाची एक अडचण आहे आणि माझं मुख्य म्हणणं तिच्याशीच निगडित आहे. तपासायची वेळ दुखापतीनंतर महिनाभरानं येते. ऊसतोड मात्र महिनाभर एका जागी राहत नाही. टाके एका गावच्या दवाखान्यात पडतात, टोळी पुढच्या फडावर जाते, टाके दुसरीकडंच निघतात. ज्या डॉक्टरनं पहिल्या दिवशीची भीती पाहिली त्याला महिन्यानंतरचं लेकरू कधीच दिसत नाही. त्यामुळं पहिल्या दिवशी एवढंच करावं: दुखणं पुरेसं कमी करावं, काय करतोय ते लेकराला आधी सांगावं, आईला त्याच्याजवळ राहू द्यावं आणि केसपेपरवर त्याच्या भीतीबद्दल दोन ओळी लिहाव्यात. लगेच त्याच्याकडून सगळा प्रसंग वदवून घेऊ नये. इंग्लंडमध्ये पॉल स्टॅलर्ड यांनी रस्त्यावरच्या अपघातातल्या १५८ मुलांवर असा प्रयोग केला होता. प्रसंगाबद्दल सविस्तर बोलून घेतलेला गट आणि तसं न केलेला गट आठ महिन्यांनी सारखेच सुधारलेले होते. झोपेच्या गोळ्याही नकोत. अशा मुलांना बेंझोडायझेपिन गटातली औषधं देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली स्पष्ट सांगितलं आहे.

खरी तपासणी गावात व्हावी, टोळ्या परतल्यावर. एप्रिल-मे महिन्यांत आशाताई घरोघर जातातच. जूनमध्ये शाळा उघडली की सर आणि बाई मुलांना रोज पाहतात. "ऊसतोडीला गेल्यावर कोणाला काही लागलं का?" एवढ्या एका प्रश्नानं सुरुवात होते. लागलं असेल त्याला आठ प्रश्न आणि त्याबरोबर उचलीचा नववा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांत आणि अंगणवाड्यांत येतात. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर ही चार खाती ती तपासतात. दुखापतीनंतरच्या भीतीला त्यात जागा नाही, ती करून द्यायला फार खर्च येणार नाही.

मात्र पुढं नेण्याची सोय नसेल तर विचारूच नये. मनातलं काढून घ्यायचं आणि मग लेकराला तसंच सोडून द्यायचं, यापेक्षा न विचारलेलं बरं. जिल्हा रुग्णालयातलं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग हे दोन पत्ते विचारणाऱ्याच्या हाताशी हवेत. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे, तिथं मराठीत बोलता येतं. विचारताना जखम अपघाताची नसून कोणी मारल्याची किंवा त्याहून वाईट काही असल्याचं कळलं, तर १०९८ वर फोन करायचा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोलिसांना कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. ते सर किंवा आशाताई यांच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

जाणकाराकडं गेल्यावर काय होतं याची लोकांना उगाच धास्ती असते. उपचार बहुतांशी बोलण्याचा आणि सरावाचा आहे, आणि तो परिणामकारक आहे. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी बसवलेली पद्धत साधारण बारा ते सोळा बैठकांची. त्यात लेकरू आधी श्वास सैल करायला शिकतं, मग आपली गोष्ट हळूहळू स्वतः सांगतं किंवा चितारतं, आणि टाळलेल्या गोष्टींकडं पायरी पायरीनं परत जातं. ट्रॉलीची भीती असेल तर एक दिवस लांबून उभी ट्रॉली बघायची, दुसऱ्या दिवशी तिच्या चाकाला हात लावायचा, पुढं बापाबरोबर रिकाम्या ट्रॉलीत पाच मिनिटं बसायचं. चालू ट्रॉली सगळ्यांत शेवटी. "काही होत नाही, चढ" असं म्हणून उचलून वर ठेवणं म्हणजे पहिल्या पायरीवरच लेकरू गमावणं.

आई-बापांचं काम या सगळ्यात सर्वांत मोठं आहे आणि ते आजही, कोणत्याही दवाखान्याशिवाय, करता येण्यासारखं आहे. लेकराला जवळ घेऊन, पूर्ण वाक्यात सांगायचं, "हे तुझ्यामुळं झालं नाही. पैशाचं आम्ही बघू." मुकादमाशी दवाखान्याच्या खर्चाचा हिशेब करायचा असेल तर तो कोपीत लेकराच्या उशाशी बसून करायचा नाही, बाहेर जाऊन करायचा. मुकादमांनाही हे सांगायला हवं. आणि ऊसतोड कामगारांसाठी राज्यानं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ स्थापन केलं आहे. हंगामात जखमी झालेल्या लेकराच्या उपचाराचा खर्च त्याच्या आई-बापाच्या उचलीत न चढता महामंडळाच्या खात्यातून जावा, ही मागणी उमापूरसारख्या गावांच्या ग्रामसभेत ठराव करून पुढं पाठवण्याजोगी आहे.